पुण्याच्या बाजारातले ओव्याचे फूल

1874 साली लंडनमध्ये ‘फार्माकोग्राफिया’ हा औषधी वनस्पतींवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. फ्ल्युकिगर आणि हॅनबरी हे त्याचे लेखक. त्यातल्या ओव्याच्या प्रकरणात पुण्याचे नाव येते. ओव्याचे तेल गारव्यात उघडे ठेवले की त्यातून स्फटिक सुटतात आणि ते पुण्यात व दख्खनमधल्या इतर ठिकाणी दुकानांतून ‘अजवाइन का फूल’ म्हणून विकले जातात, अशी ती नोंद. कोणत्या पेठेत, काय भावाने, घेणारा कोण, यातले काहीच तिथे नाही. पण ज्या औषधाने पुढे जगभर लाखो लोकांच्या आतड्यांतले अंकुशकृमी (हुकवर्म) पाडले, त्याचा माग काढायचा तर ही नोंद डावलता येत नाही.

हे स्फटिक म्हणजे थायमॉल. युरोपला ते अनोळखी नव्हते. कास्पार नॉयमान याने 1719 मध्येच थाइम या तिकडच्या झुडपाच्या तेलात ते पाहिले होते. 1853 मध्ये लालमाँ याने त्याचा रासायनिक अभ्यास केला. मग 1855 मध्ये स्टेनहाउस आणि 1856 मध्ये हेन्स यांनी दाखवून दिले की ओव्यातले स्फटिक आणि थाइममधले स्फटिक हा एकच पदार्थ आहे. ओव्यात तो थाइमपेक्षा कितीतरी जास्त आणि स्वस्त मिळत असल्याने पुढे ओव्याचे दाणे हिंदुस्थानातून पोत्यांनी जर्मनीला जाऊ लागले. बाजारातल्या मालाला प्रयोगशाळेने नाव दिले, एवढेच या टप्प्यावर घडले. जंतांचा विषय यात अजून कुठेच नाही.

तो आला वेगळ्या वाटेने. मिलानमध्ये 1838 साली अँजेलो दुबिनी याला एका शेतकरी बाईच्या शवविच्छेदनात आतड्याला चिकटलेले जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे कृमी दिसले. हेच अंकुशकृमी. 1843 मध्ये त्याने त्यांचे वर्णन छापले. 1878 मध्ये ग्रासी आणि पारोना यांनी विष्ठेतली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून, म्हणजे रोगी जिवंत असताना, निदान करता येते हे दाखवले. आणि लगेच पुढे गोट्टहार्ड बोगद्याचे प्रकरण उघडकीला आले. आल्प्सच्या पोटातून सुमारे 15 किलोमीटरचा हा बोगदा 1872 पासून खणला जात होता. आतला उकाडा, चिखल, शौचाची सोय नाही. इटलीहून आलेले मजूर पांढरेफटक पडत, चार पावले टाकली की धापा टाकत. तूरिनच्या एदोआर्दो पेरोंचितो याने 1880 मध्ये त्याचे कारण अंकुशकृमी असल्याचे ठामपणे मांडले. पेरोंचितोचा भर नेच्याच्या अर्कावर होता. त्याच शहरातल्या कामिल्लो बोत्सोलो याने मात्र त्याच सुमारास थायमॉल वापरून पाहिले आणि पुढची तीसेक वर्षे तेच प्रमुख औषध ठरले.

आता एका मोहाबद्दल. ‘भावप्रकाश’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ ओव्याच्या गुणांत कृमी घालवणे हाही गुण सांगतो. त्यावरून ‘अंकुशकृमीचे औषध आपल्याकडे आधीच होते’ असे म्हणून टाकणे सोपे आहे. मला ते पटत नाही. एक तर कोणता कृमी, हे त्या ओळीवरून ठरवता येत नाही, आणि अंकुशकृमी हा डोळ्यांना सहजी दिसणारा जंत नव्हे. दुसरे कारण हिशेबाचे आहे. थायमॉलची मोठ्या माणसाची मात्रा सुमारे 60 ग्रेन, म्हणजे 4 ग्रॅमच्या आसपास असे. ओव्यात तेल साधारण 4 टक्के धरले आणि त्यात थायमॉल निम्म्याच्या आतबाहेर, तर 4 ग्रॅमसाठी सुमारे 200 ग्रॅम ओवा लागतो. गुळाबरोबर चमचाभर ओवा खाल्ला तर पोटात जाणारे थायमॉल दहा सेंटिग्रॅमच्या वर क्वचितच जाईल. पोटफुगीवर तेवढे पुरते. आतड्याला दात रोवून बसलेल्या कृमीचे त्याने फारसे बिघडत नसणार. ओवा आणि ओव्याचे फूल ही औषध म्हणून दोन वेगळी माणसे समजावीत.

या औषधाची कसोटी लागली ती पोर्तो रिकोत आणि अमेरिकेच्या दक्षिणेत. 1909 मध्ये रॉकफेलर यांनी 10 लाख डॉलर देऊन अंकुशकृमी निर्मूलनासाठी आयोग नेमला. पाच वर्षांत सुमारे 7 लाख लोकांना औषध दिले गेले. त्या काळच्या सूचना वाचल्या की औषधापेक्षा पथ्यच कडक वाटते. आदल्या संध्याकाळी जेवण बेताचे आणि वर विलायती मिठाचा जुलाब. सकाळी उपाशीपोटी थायमॉलची बारीक पूड भरलेल्या कॅप्सूलींपैकी अर्ध्या, दोन तासांनी उरलेल्या. मग पुन्हा जुलाब. दारू, तेल, तूप, लोणी यांना त्या दिवशी सक्त मनाई. थायमॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही म्हणून ते आतड्यात राहून कृमींवर काम करते. स्निग्ध पदार्थात किंवा दारूत मात्र ते विरघळते, रक्तात उतरते आणि रोग्यालाच भोवते. जुलाबानंतरची विष्ठा कापडातून धुऊन गाळत आणि पडलेले कृमी मोजत. औषध लागू पडले की नाही याचा पुरावा तोच. आठवड्याने पुन्हा अंडी तपासायची, सापडली तर पुन्हा सगळे पहिल्यापासून.

1914 मध्ये युद्ध पेटले आणि हिंदुस्थानातला ओवा व जर्मनीतले कारखाने यांची ताटातूट झाली. थायमॉल महागले. अमेरिकी कृषी खात्याने 1916 मध्ये मोनार्डा नावाच्या तिकडच्या रानटी वनस्पतीपासून ते काढण्यावर पत्रिका छापली, यावरून चणचण किती होती ते कळते. डॉक्टर मंडळी चिनोपोडियमच्या तेलाकडे वळली. तेही वनस्पतीचेच. 1921 मध्ये मॉरिस हॉल याने कार्बन टेट्राक्लोराइड पुढे आणले आणि वनस्पतींची सद्दी ओसरू लागली. नेमक्या याच वर्षांत कृ. श्री. म्हसकर आणि फादर कायस हे मद्रास इलाख्यातल्या अंकुशकृमी चौकशीच्या निमित्ताने कृमिनाशकांची रासायनिक घडण आणि त्यांचा गुण यांचा संबंध तपासत होते. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मधली त्यांची लेखमाला आज फारशी कुणी उघडत नाही, हे अन्यायाचे आहे. बाजारात मिळते म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून न मानता औषध तपासून पाहण्याची शिस्त त्यांच्या कामाच्या मुळाशी आहे.

ओव्याचे फूल आजही काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. कापूर, पुदिन्याचे फूल आणि हे, अशी तिन्ही कोरडी द्रव्ये बाटलीत एकत्र ठेवली की थोड्या वेळात त्यांचे पाणी होते. अमृतधारा ती हीच. जंतांवर मात्र ओव्याचे फूल घरी घेऊ नये, वर सांगितलेला धोका खरा आहे. सरकारी जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी त्याहून कितीतरी सुरक्षित आहे.

या औषधाचा माग काढताना दुवा जिथे तुटतो ती जागा मात्र पुण्यातच आहे. हे स्फटिक कोण आणत होते, कोण घेत होते आणि कशासाठी, हे इंग्रजी ग्रंथांवरून कळणार नाही. ते कळले तर जुन्या काष्ठौषधीवाल्यांच्या चोपड्यांतून, वैद्यांच्या रोजकीर्दीतून कळेल. ज्यांच्या माळ्यावर असे मोडी कागद पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी एखाद्या मोडी वाचणाऱ्याला दाखवावेत आणि त्यात ओव्याच्या फुलाची नोंद आढळली तर भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे तिची नक्कल तरी द्यावी.