पुस्तकांची पेटी आणि सीमेवरचं गाव

मध्य प्रदेशातल्या आमच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्याचा ग्रंथांशी संबंध फार जुना आहे. अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे दोहे लिहिणारा कवी रहीम, मोगलांचा दख्खनमधला सरदार म्हणून बुऱ्हाणपुरात दीर्घकाळ राहिला. 'बाबरनामा' तुर्कीतून फारसीत आणणारा हाच माणूस. त्याचा किताबखाना त्या काळी हिंदुस्थानभर नावाजलेला होता. तिथे सुंदर अक्षराचे लेखक, चित्रकार आणि बांधणी करणारे कारागीर पगारावर असत. त्याच्या पदरी असलेल्या अब्दुल बाकी नहावंदीने 1616 मध्ये 'मआसिर-ए-रहीमी' हा ग्रंथ पूर्ण केला आणि या किताबखान्याची हकिकत लिहून ठेवली. पण त्या पुस्तकांना मालक होता. मालकाची मर्जी असेल त्यालाच ती उघडता येत. खेड्यातल्या कुणब्याचा आणि त्या कपाटांचा काही संबंध नव्हता.

मी त्याच जिल्ह्यातल्या खकनार तालुक्यातला, डोईफोडियाचा. शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त आहे. आमच्या घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, डोंगराकडच्या पाड्यांवर कोरकू. लहानपणी मला पुस्तक पहिल्यांदा भेटलं ते पोथीच्या रूपात. चातुर्मासात मारुतीच्या पारावर पोथी लागायची, कधी 'हरिविजय', कधी 'पांडवप्रताप'. वाचणारा एक, ऐकणारे पन्नास. अध्याय संपला की पोथी पुन्हा फडक्यात बांधली जायची. ऐकण्याची गोडी गावाला त्या पारानेच लावली. मात्र पोथी घरी न्यायला मिळत नसे. आपल्या मनाने, आपल्या वेळी, एकट्याने वाचायचं म्हटलं तर गावात काही नव्हतं.

ही सोय मराठी मुलखात इतरत्र बरीच आधी झाली होती. रत्नागिरीचं वाचनालय 1828 चं, नाशिकचं 1840 चं, पुण्याचं 1848 चं. आमच्या शेजारच्या जळगावात 1877 मध्ये वाचनालय निघालं. सुरुवातीला इंग्रज अधिकारी, वकील, कारकून, सरदार हेच त्यांचे सभासद. वर्गणी भरेल त्याला पुस्तक, असा शिरस्ता. रहीमच्या किताबखान्यापेक्षा दार मोठं झालं होतं, तरी ते शहरातच होतं आणि पैसे मोजणाऱ्यालाच उघडत होतं.

खेड्यातल्या माणसाचा विचार केला तो सयाजीराव गायकवाडांनी. ते मूळचे नाशिककडच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याचे पोर. 1875 मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे 1906 मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यातून पुढचा प्रश्न उभा राहिला. शाळा सुटली की मुलगा औताला जातो आणि दोन-चार वर्षांत शिकलेली अक्षरं विसरतो. मग शाळेवरचा खर्च वायाच. यावर त्यांनी ग्रंथालयाचा उपाय काढला. 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालय खातं उभं केलं. गावाने वर्गणी जमवली की एक वाटा सरकार घाली आणि एक वाटा प्रांत पंचायत. जिथे तेही जमत नसे तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. शाळामास्तर किंवा गावातला कुणी जाणता माणूस पेटी ताब्यात घेई, पुस्तकं वाटी, ती वाचून झाली की पेटी परत जाई आणि दुसरी येई. वाचकाला एक पैसाही द्यावा लागत नसे.

मला या पेटीत वाचनालयाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पाऊल दिसतं. पुस्तकाजवळ माणसाने जायचं, ही शेकडो वर्षांची रीत तिने उलटवली.

पुढे कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालयांसाठी कायदा केला. महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि तो 1 मे 1968 पासून लागू झाला. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, सरकारी अनुदान सुरू झालं, 'गाव तेथे ग्रंथालय' ही घोषणा झाली. अनुदान तुटपुंजं, ग्रंथपालाचा पगार त्याहून तुटपुंजा, हे गाऱ्हाणं तिकडे आजही ऐकू येतं आणि ते खरं आहे. तरीही खेड्यात कपाट आहे, वर्तमानपत्र येतं, दिवाळी अंक येतात, मागायला एक ठिकाण आहे.

आम्ही यातून कसे निसटलो, ते नकाशा सांगतो. जुन्या मध्य प्रांतात राजधानी नागपूर होती, कारभार हिंदी-मराठी दोन्हींत चाले. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्याने आखली गेली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड, म्हणून बुऱ्हाणपूरही, नव्या मध्य प्रदेशात राहिलं. त्यानंतर अकराच वर्षांनी तो कायदा आला, पण सीमेच्या त्या बाजूला. मध्य प्रदेशात सार्वजनिक ग्रंथालयांचा असा कायदा आजवर झालेला नाही. आमच्या सोयरिकी बुलढाण्यात आणि जळगावात होतात, लेकीबाळी तिकडे नांदतात. लग्नाकार्याला तिकडे गेलो की मी आधी गावचं वाचनालय बघून येतो.

त्याच 1956 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते नेपानगरचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. वर्तमानपत्राचा कागद बनवणारा देशातला हा पहिला कारखाना आणि तो आमच्याच जिल्ह्यात. आमच्या जंगलातली सालई आणि बांबू तिथे जाऊन कागद झाले आणि तो कागद देशभरच्या छापखान्यांत गेला. छापून झालेलं पान मात्र आमच्या पाड्यांपर्यंत परत आलं नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

निवृत्तीनंतर मी बडोद्याचीच वाट धरली. पत्र्याची एक पेटी घेतली, घरची पुस्तकं तिच्यात भरली, नातेवाइकांकडून 'किशोर'चे जुने अंक मागवले आणि संध्याकाळी ओट्यावर पेटी उघडून बसू लागलो. वहीत नाव लिहायचं आणि पुस्तक न्यायचं. अनामत नाही, दंड नाही. एक पान फाटलं तर ते चिकटवायला मुलालाच शिकवायचं.

शाळेत हिंदी शिकणारी मुलं मराठी पुस्तक वाचतील का, अशी शंका गावात अनेकांनी घेतली. लिपी एकच असल्याने ती वाचतात. पहिल्या पानांवर 'ळ'शी अडखळतात, मग घरात कानावर पडलेली भाषा त्यांना पुढे नेते. एक मुलगी गोष्टी आजीला मोठ्याने वाचून दाखवायची. काही दिवसांनी आजीच विचारायला आली की पुढचा भाग कोणाकडे गेलाय. त्या घरात पार आणि पेटी एकत्र आले.

वाचनाची आवड उपदेशाने लागत नाही, हे इतकी वर्षं शिकवून मला कळलं आहे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पुस्तक हाताच्या अंतरावर हवं, ते घरी न्यायची मुभा हवी आणि 'कसं वाटलं?' असं विचारणारं माणूस हवं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना याच सूत्रावर 2009 पासून चालली आहे. तिच्या पेट्या दुबईच्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. तापीच्या खोऱ्यातली आमची गावं त्याहून फारच जवळ आहेत.

म्हणून दोन मागण्या करतो. मध्य प्रदेश सरकारने ग्रंथालय कायदा करावा आणि त्यात हिंदीबरोबर मराठी आणि कोरकू वाचकालाही जागा द्यावी. आणि महाराष्ट्रातल्या वाचकहो, दिवाळी अंक वाचून झाले की रद्दीत घालू नका. सीमेवरच्या एखाद्या गावातला मास्तर, ग्रामसेविका किंवा वाचणारी सून शोधा आणि एक पेटी भरून त्यांच्याकडे पाठवा.