तळटीप २३ : ‘करणीवाली’

२३. करणीवाली : करणी करते असा गावाने आळ घेतलेली बाई. म्हैस आटली, पोर तापाने फणफणले की बोट हिच्याकडे. अशी बाई पुष्कळदा एकटी, विधवा किंवा वाट्याला जमीन आलेली असते. प्रस्तुत प्रसंग कळंबचा, निजामी अमदानीतला आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्हा सप्टेंबर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता.

स्कॉटलंडमध्ये १५६३च्या कायद्याने चेटूक हाच देहान्ताचा गुन्हा ठरवला होता. तेथील अ‍ॅग्नेस सॅम्पसन ही दाई व वैदू. तिची चौकशी खुद्द राजा सहावा जेम्स याने केली आणि १५९१मध्ये एडिंबरोत तिला मृत्युदंड झाला. तिथे आरोप लिहून घेणारे न्यायालय होते. आपल्याकडे बहुधा देवऋषी नाव काढतो आणि शिक्षा जमाव करतो. मारहाण, धिंड, वाळीत टाकणे हे त्याचे प्रकार.

महाराष्ट्रात कायद्याचा रोख आरोप करणाऱ्यावर वळला तो २०१३मध्ये. २० ऑगस्टला पुण्यात, अशा कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावरांचे दूध आटवते असे भासवणे, त्यावरून तिला मारणे वा तिची धिंड काढणे, हे त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद व दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

लेखकाने बाईचे नाव दिलेले नाही; या आवृत्तीतही ते घातलेले नाही. — संपा.