शोभावस्तूंचे लिलाव : नागपूर–चांदा प्रदेश

राजवाडे, वाडे व देवस्थाने यांतील कलश, पात्रे, दीप, आसने, बिछायत, जडजवाहीर इ. वस्तूंची जाहीर बोलीने केलेली विक्री. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः नागपूरकर भोसल्यांच्या राजसंग्रहाच्या १८५४-५५ मधील लिलावाचा विचार केला असून, त्या अनुषंगाने नागभीडच्या परिसरात व एकूण विदर्भात भूगर्भातून मिळणाऱ्या प्राचीन पात्रांचाही परामर्श घेतला आहे. लिलावात वस्तूची किंमत ठरते. मात्र ती कोणाची, कोठली व कोणत्या कार्यासाठी घडविलेली, ही माहिती त्याच वेळी तिच्यापासून तुटण्याचा संभव असतो. नागपूरच्या लिलावाचे ऐतिहासिक महत्त्व मिळालेल्या रकमेपेक्षा या तुटलेल्या माहितीत अधिक आहे.

संज्ञा व पद्धती : ‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. विदर्भ-मराठवाड्यात त्याच अर्थी ‘हर्रास’ हा अरबी-फार्सी परंपरेतील शब्दही रूढ आहे. विक्रीची आगाऊ जाहिरात देणे, मालाचे गट पाडणे, प्रारंभीची सरकारी बोली ठरविणे, बोली चढत नेणे आणि अखेरच्या बोलीवर हातोडा मारून विक्री पक्की करणे, असा या व्यवहाराचा सर्वसाधारण क्रम असतो.

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या भागांत लिलाव परिचयाचा आहे तो प्रामुख्याने वनोपजामुळे. सागवान, बांबू, तेंदूपाने इत्यादींचे लिलाव येथे दीर्घकाळ होत आले आहेत. वनोपजाचा माल प्रतवारीने विकला जातो. एक लठ्ठा त्याच प्रतीच्या दुसऱ्या लठ्ठ्याऐवजी चालतो; तो कोणत्या झाडाचा होता, याच्याशी गिऱ्हाइकास फारसे कर्तव्य नसते. राजसंग्रहातील वस्तूंचे तसे नसते. एखादे तबक, गुलाबदाणी किंवा गंगाजळी हिचे मोल तिच्या धातूइतकेच तिच्या स्थानावर व वापरावर अवलंबून असते. वनोपजास योग्य असलेली विक्रीची रीत अशा संग्रहास लावली, म्हणजे हा भेद नाहीसा होतो.

पार्श्वभूमी : चांदा येथे गोंड राजांचे राज्य होते. पहिले रघूजी भोसले (सु. १६९५–१७५५) यांनी नीळकंठशाह या गोंड राजाचा पाडाव करून १७५१ मध्ये ते आपल्या राज्यास जोडले आणि नागभीडचा मुलूख नागपूरच्या अमलाखाली आला. पुढे नागभीड ब्रह्मपुरी तहसिलीत समाविष्ट होते. आज ते चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. टसर रेशमाचे विणकाम व भाताची शेती ही या भागाची जुनी वैशिष्ट्ये. चांद्याच्या जंगलातील सागवानही फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे.

अठराव्या शतकातील मराठी दरबारांची सजावट मिश्र स्वरूपाची होती. बैठक जमिनीवरची असल्यामुळे गालिचे, लोड, तक्के, गिर्द्या व मसनद यांना प्राधान्य असे. पानदान, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी, सुरई व तबके ही आदरातिथ्याची साधने. तर कलश, समया व गंगाजळ्या ही देवघरातील उपकरणे. छत्र, चवऱ्या, मोर्चेले, अब्दागिऱ्या, अंबाऱ्या व हौदे ही राजचिन्हे मानली जात. त्यांत बीदरी कामाची पात्रे, चिनी मातीची भांडी आणि एकोणिसाव्या शतकात यूरोपीय बनावटीची झुंबरे, हंड्या, आरसे, खुर्च्या व फुलदाण्या यांची भर पडली. यांपैकी अनेक वस्तू नजराणे व आहेर या रूपाने आलेल्या असत. त्यांच्या मांडणीत राज्याचे संबंध व मानपान यांची एक प्रकारची नोंदच असे. नागपूरचा भोसले राजवाडा काळ्या दगडाचा असून त्यातील लाकडी कोरीवकाम विशेष नावाजलेले होते.

नागपूरचा लिलाव (१८५४-५५) : तिसरे रघूजी (कार. १८१८–५३) हे ११ डिसेंबर १८५३ रोजी पुत्रावाचून मरण पावले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा प्रश्न अमान्य करून राज्य खालसा केले. खालसा केलेल्या राज्याबरोबर राजवाड्यातील चीजवस्तूही कंपनीच्या ताब्यात आली. दागदागिने, सामानसुमान व जनावरे ही राज्याची मालमत्ता असून तिच्या विक्रीतून भोसले कुटुंबाच्या निर्वाहासाठी निधी उभारावा, अशी सरकारची भूमिका होती. हाच पुढे ‘भोसला फंड’ म्हणून ओळखला गेला. विक्रीचे उत्पन्न कुटुंबासाठीच राखले असल्यामुळे हे अपहरण नव्हे, असे सरकारतर्फे प्रतिपादण्यात आले.

प्रथम जनावरे विकण्यात आली. सीताबर्डी येथे ४ सप्टेंबर १८५४ पासून हत्ती, उंट, घोडे व बैल यांचा जाहीर लिलाव सुरू झाला. इतिहासकार जॉन विल्यम के याने नमूद केल्याप्रमाणे, पाचशे ते सहाशे जनावरांचे मिळून केवळ १,३०० पौंड, म्हणजे तत्कालीन हिशेबाने सु. १३,००० रुपये आले. राण्यांनी कमिशनरकडे निषेध नोंदविला व गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला. शंभर रुपये किंमतीची गाडीच्या बैलांची जोडी पाच रुपयांस गेली, अशी त्यात तक्रार होती. आकडे तक्रारदारांचे असले, तरी एकाच वेळी एवढी जनावरे एकाच बाजारात आणल्याने भाव कोसळणे अपरिहार्य होते. कुटुंबाच्या हितासाठी म्हणून केलेल्या विक्रीत कुटुंबाचेच नुकसान होत होते.

त्यानंतर राजवाड्यातील सामान हलविण्यास प्रारंभ झाला. सामान नेल्यास वाड्यास आग लावीन, असे एका राणीने बजावल्याचे के याने लिहिले आहे. तथापि सामान नेण्यात आले. जवाहिरांपैकी थोडा भाग कुटुंबाकडे ठेवून उरलेले कलकत्त्यास पाठविण्यात आले व तेथील हॅमिल्टन आणि कंपनी या प्रसिद्ध पेढीने १८५५ मध्ये त्याच्या जाहीर लिलावाच्या जाहिराती दिल्या. ज्या अलंकारांवर व पात्रांवर नागपूरच्या दरबाराचा मानमरातब उभा होता, ते अशा रीतीने कलकत्त्याच्या बाजारातील माल ठरले. राज्य खालसा करण्यापेक्षाही या जप्तीचा व विक्रीचा परिणाम लोकमनावर अधिक वाईट झाला, असे मत त्या काळी व्यक्त होत असल्याचे के यानेच नोंदविले आहे. १८५७ च्या उठावामागील असंतोषाची कारणे सांगताना या घटनेचा उल्लेख पुढील इतिहासकारांनीही केला आहे.

खाजगी व दौलत : या वादाच्या मुळाशी मालकीचा एक मूलभूत प्रश्न होता. मराठी राज्यव्यवस्थेत ‘दौलत’ म्हणजे राज्याचा जमाखर्च आणि ‘खाजगी’ म्हणजे कुटुंबाची, विशेषतः राण्यांची, स्वतंत्र मत्ता, असा भेद करण्याची प्रथा होती. होळकरांची खाजगी जहागीर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. सासरी आलेले स्त्रीधन, देवघरातील पात्रे व वंशपरंपरागत दागिने हे सर्व राज्याच्या खजिन्यात मोजावे काय, याचा निवाडा करणारे कोणतेही तटस्थ न्यायासन नागपूरच्या बाबतीत नव्हते. जप्ती करणारे सरकारच मालकी कोणाची, हेही ठरवीत होते.

तंजावरच्या भोसले घराण्यातही लवकरच असा प्रसंग आला. तेथील अखेरचे राजे शिवाजी १८५५ मध्ये निधन पावल्यावर कंपनीने १८५६ मध्ये त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये, ही जप्ती सार्वभौम सत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयास तिची चौकशी करता येत नाही, असा निर्णय दिला. तरीही १८६२ मध्ये खाजगी मालमत्ता सरकारने कृपा म्हणून राण्यांना परत केली. तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय एकाच जागी टिकून राहिले व १९१८ मध्ये सार्वजनिक झाले. तेथील हस्तलिखितांवरून त्या दरबाराचा सांस्कृतिक इतिहास आजही अभ्यासता येतो. नागपूरच्या राजसंग्रहाच्या बाबतीत तशी सोय राहिली नाही.

परिणाम : राजघराण्याचे दत्तक वारस जानोजी यांना पुढे देऊरची जहागीर व ‘राजाबहादूर’ हा किताब मिळाला. परंतु विखुरलेल्या वस्तू एकत्र येणे शक्य नव्हते. १८६४ मध्ये राजवाडाही आगीत भस्मसात झाला व त्याचे महाद्वार तेवढे उरले. सामान गेले आणि ज्या दालनांत ते मांडलेले होते, ती दालनेही गेली. दागिने मोडून रत्ने नव्या कोंदणात बसविणे व चांदीची पात्रे वितळविणे हा सराफ बाजाराचा नित्याचा व्यवहार होय. शिल्लक राहिलेल्या वस्तूवर लेख किंवा चिन्ह नसेल, तर ती नागपूरची म्हणून ओळखण्यास काहीच साधन उरत नाही. नागपूर येथे १८६३ मध्ये मध्यवर्ती संग्रहालय (अजब बंगला) स्थापन झाले. ते लिलावानंतर आठ वर्षांनी.

भूगर्भातील कलश : शोभावस्तूंप्रमाणेच प्राचीन मृत्पात्रे व धातुपात्रे यांनाही आधुनिक बाजारात मागणी असते. विदर्भ हा महापाषाणयुगीन अवशेषांनी समृद्ध प्रदेश आहे. जुनापाणी, माहूरझरी, नैकुंड व टाकळघाट-खापा ही नागपूर परिसरातील प्रसिद्ध स्थळे. नागभीडला लागून असलेल्या चिमूर तालुक्यात हिरापूर येथे शिलामंडपांच्या स्वरूपातील दफनस्थाने आढळली आहेत. विदर्भातील शिलावर्तुळांच्या उत्खननांत काळी-तांबडी मृत्पात्रे, लोखंडी अवजारे, घोड्यांचे तांब्याचे साज आणि पक्ष्यांच्या किंवा कळीच्या आकृतींनी सजविलेली तांब्याची झाकणे मिळाली. त्यांचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. पहिले सहस्रक हा आहे.

पात्र कोठे व कसे ठेवले होते, हे ठाऊक असल्याने ज्ञानात केवढी भर पडते, हे पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीवरून स्पष्ट होते. तेथे लहान मुलांचे दफन दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली केलेले आढळले. असा साधा कुंभ एकटाच विक्रीस आणला, तर त्याला जुन्या रांजणाहून अधिक किंमत येणार नाही. घरातील जागा, दिशा व शेजारचे अवशेष यांसह पाहिल्यास मात्र त्यावरून तत्कालीन समाजाच्या मृत्यूविषयक कल्पना कळतात.

अस्थिकलशांच्या बाबतीत पिप्रावा (उत्तर प्रदेश) येथील उदाहरण उल्लेखनीय आहे. विल्यम क्लॅक्स्टन पेपे याने १८९८ मध्ये तेथील स्तूपाच्या उत्खननात दगडी पेटीतून धातुकलश, अस्थी व रत्ने बाहेर काढली. अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, कलश व बहुतांश रत्ने कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयात ठेवण्यात आली आणि काही रत्ने पेपे कुटुंबाकडे राहिली. मे २०२५ मध्ये ही रत्ने हाँगकाँग येथे सदबीज या संस्थेतर्फे लिलावास निघाली. भारत सरकारच्या हरकतीनंतर लिलाव स्थगित झाला व मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने जुलै २०२५ मध्ये ती भारतात परत आली. एकाच निक्षेपाचे तुकडे तीन ठिकाणी गेल्याने हा प्रश्न सव्वाशे वर्षांनी उद्‌भवला.

कायदेशीर तरतुदी : भूमिगत निधीविषयीच्या १८७८ च्या अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. पूर्वीचा मालक सिद्ध न झाल्यास आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसल्यास तीनचतुर्थांश वाटा सापडणाऱ्यास व एकचतुर्थांश जमीनमालकास मिळतो. मूल्यावर एकपंचमांश अधिक रक्कम देऊन शासन ती वस्तू संपादन करू शकते. वस्तू लपविल्यास मात्र सापडणाऱ्याचा हक्क नष्ट होतो. नांगरताना किंवा बोडी खोदताना पात्र लागल्यास ते धुऊन-पुसून रिकामे करू नये, कारण आतील मातीही पुरावाच असते.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला व ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि ऐतिहासिक, वाङ्‌मयीन वा शास्त्रीय महत्त्वाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते पुरावस्तू मानली जातात. त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो, विशिष्ट प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे आणि खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. देशांतर्गत लिलावास या अधिनियमाने बंदी नाही. त्यामुळे वस्तूच्या पूर्वस्वामित्वाची नोंद तपासणे ही विक्रेता व ग्राहक या दोघांचीही जबाबदारी ठरते.

सद्यःस्थिती : सदबीजच्या लंडन येथील २९ एप्रिल २०२५ च्या लिलावात पहिल्या रघूजी भोसल्यांची फिरंगी धाटणीची तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ४७.१५ लाख रुपये खर्चून ती मिळविली व १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आणण्यात आली. तिचे पाते यूरोपीय बनावटीचे आहे. पात्याच्या पाठीवर रघूजींचे नाव व ‘सेनासाहेब सुभा’ हे पद देवनागरीत कोरलेले असल्यामुळेच ती कोणाची, हे निश्चित झाले. नागपूरच्या राजवाड्यातील ज्या समया, सुरया व कलश यांवर असे लेख नव्हते, त्यांना हा मार्ग खुला नाही. त्यामुळे गावोगावच्या वाड्यांत, देवळांत व मठांत आज शिल्लक असलेल्या वस्तूंची छायाचित्रांसह, मापे व पूर्ववृत्त देऊन केलेली नोंद हाच त्यांच्या संरक्षणाचा सर्वांत विश्वसनीय उपाय होय. अशी नोंद असलेली वस्तू पुढे विकली गेली, तरी तिचा माग काढता येतो.