निजामी राज्यातील दोन जिहादमीमांसा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. परंतु १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता आणि हिंगोली गावात १९०३ पर्यंत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेची छावणी होती. राजा मुसलमान, त्याच्यावर वर्चस्व ख्रिस्ती सत्तेचे आणि प्रजा बहुतांशी हिंदू, अशा राज्यात ‘काफिर’ म्हणजे इस्लामवर श्रद्धा न ठेवणाऱ्याशी शस्त्राने लढण्याविषयी कुराण काय सांगते, हा प्रश्न मदरशांच्या भिंतीआड राहणे शक्य नव्हते. जून १८५७ मध्ये कंटिंजंटच्या औरंगाबादेतील घोडदळाने बंड केले, १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या ठाण्यावर, चाल केली, आणि राणीविरुद्ध बंड करणे मुसलमानांना धर्माने बंधनकारक आहे काय, असा प्रश्न पुढे १८७१ मध्ये विल्यम हंटर यांनी पुस्तकरूपाने उघडच मांडला.

त्याचे सर्वांत धीट उत्तर निजामाच्या महसूल खात्यातून आले, हे इतिहासातील एक गमतीचे वळण म्हणावे लागेल. सर सय्यद अहमद खान यांच्या वर्तुळातील चिराग अली (१८४४–१८९५) १८७७ मध्ये निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या प्रशासनात रुजू झाले आणि त्यांचा जिहादची चिकित्सा करणारा इंग्रजी ग्रंथ १८८५ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध झाला. वादाचे मर्म नवव्या सूरेतील, म्हणजे अध्यायातील, पाचव्या आयतीत होते. मूर्तिपूजकांशी लढण्याची आज्ञा देणाऱ्या या आयतीने संयमाच्या आधीच्या आयती रद्दबातल ठरवल्या, असे अनेक जुने भाष्यकार मानीत. नंतरच्या वचनाने आधीचे वचन रद्द होण्याच्या या तत्त्वाला ‘नस्ख’ म्हणतात. चिराग अलींनी ही वाट सोडून प्रत्येक आयत तिच्या अवतरणप्रसंगाशी जोडली: करार मोडून हल्ला करणाऱ्या अरब टोळ्यांपुरती ती आज्ञा होती, कारण लगतच्याच चौथ्या आयतीत करार पाळणाऱ्यांना वगळले आहे आणि सहावीत आश्रय मागणाऱ्या मूर्तिपूजकाला सुरक्षित स्थळी पोचवण्यास सांगितले आहे. धर्मात सक्ती नाही, हे दुसऱ्या सूरेतील वचन (२५६) त्यांच्या मते अबाधित राहते. हा युक्तिवाद भक्कम असला, तरी तो टिकवण्यासाठी त्यांना शतकानुशतकांच्या ‘फिक्ह’चे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे, प्रामाण्यच नाकारावे लागले, आणि परंपरेला मानणारा वाचक तेथेच त्यांच्यापासून दुरावला.

अबुल आला मौदूदी यांनी ती परंपरा सोडली नाही. २५ सप्टेंबर १९०३ रोजी औरंगाबादेत एका वकिलाच्या घरी जन्मलेले मौदूदी दिल्लीत ‘अल-जमियत’ या वृत्तपत्राचे संपादक असताना २३ डिसेंबर १९२६ रोजी आर्य समाजाचे नेते स्वामी श्रद्धानंद यांची एका मुसलमानाच्या हातून हत्या झाली. त्यानंतर पुढे आलेल्या, इस्लाम तलवारीवरच पसरला, या आरोपाला उत्तर म्हणून त्यांनी लिहिलेली लेखमाला १९३० मध्ये ‘अल-जिहाद फिल-इस्लाम’ या ग्रंथाच्या रूपाने आली. श्रद्धा लादता येत नाही, हे त्यांनाही मान्य होते. मात्र बचावाच्या युद्धाबरोबरच अन्यायी राज्यव्यवस्था मोडण्यासाठीचे ‘सुधारक’ युद्धही त्यांनी धर्मसंमत ठरवले. माणसाच्या श्रद्धेला हात लावायचा नाही, पण त्याचे राज्य उलथवायचे, ही भेदरेषा कागदावर जितकी स्पष्ट दिसते तितकी प्रत्यक्षात राहत नाही, आणि १९३९ च्या लाहोरमधील व्याख्यानात तर त्यांनी आक्रमण व बचाव हा भेदच गैरलागू ठरवला.

दोघांच्या प्रभावातील तफावत केवळ युक्तिवादांच्या बळावरून उलगडत नाही. चिराग अलींचा मूळ वाचक इंग्रज अधिकारी आणि इंग्रजी शिकलेला मुसलमान होता, तर मौदूदींनी उर्दूत, म्हणजे निजामाच्या राज्यकारभाराच्याच भाषेत, लिहिले. १९३३ पासून त्यांचे ‘तर्जुमानुल कुरआन’ हे मासिक काही वर्षे हैदराबादहूनच निघत होते. पुढे रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या सत्तेसाठी लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, नेता झालेला लातूरचा वकील कासिम रझवी मात्र या दोघांपैकी कोणाचाच शिष्य नव्हता. त्याच्या राजकारणाचा पाया संस्थानावरील मुसलमानांच्या सत्तेचा दावा हा होता, आणि म्हणून मराठवाड्यातील रझाकारांच्या अत्याचारांचे मूळ थेट एखाद्या आयतीत शोधणे इतिहासाला धरून होत नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा मौदूदी पाकिस्तानात होते. पाकिस्तानचे भारताशी करार कायम असताना काश्मीरमधील छुप्या लढाईला जिहाद म्हणता येणार नाही, असे मत त्यांनी त्याच वर्षी दिले, त्यावरून सरकारचा रोष ओढवून घेतला आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये ते तुरुंगात गेले.