कंटेनरमधल्या ॲपच्या सेटिंग्ज ठेवायच्या कुठे?

एकच ॲप साधारण तीन ठिकाणी चालतं: डेव्हलपरच्या लॅपटॉपवर, टेस्टिंगच्या सर्व्हरवर आणि ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर. कोड तोच असतो. बदलतो तो डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, पेमेंट गेटवेची की. या बदलत्या गोष्टी म्हणजेच कॉन्फिगरेशन.

२०१३ साली डॉकर आलं आणि ॲपला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधून देणं सोपं झालं. पण 'सगळं' म्हणजे सेटिंग्जसुद्धा का? नाही. डेटाबेसचा पत्ता इमेजमध्येच घातला, तर प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी इमेज करावी लागते. मग टेस्ट केली एक आणि ग्राहकांपुढे गेली दुसरीच, असं होतं.

पासवर्ड घालणं तर याहून धोक्याचं. डॉकरची इमेज थरांची बनलेली असते. एका थरात फाइल टाकून पुढच्या थरात डिलीट केली, तरी ती खालच्या थरात तशीच राहते. इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला ती काढता येते. डॉकरफाइलमध्ये 'एन्व्ह' म्हणून लिहिलेला पासवर्ड पाहायला तर 'डॉकर हिस्टरी' ही एक कमांड पुरते. अशी इमेज चुकून सगळ्यांसाठी खुली झाली, तर ती काढून टाकून भागत नाही. कुणीतरी आधीच उतरवून घेतलेली असू शकते. पासवर्डच बदलावा लागतो.

म्हणून सेटिंग्ज बाहेर ठेवायच्या आणि कंटेनर सुरू होताना आत द्यायच्या. 'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' या प्रसिद्ध नियमावलीत यासाठी छान कसोटी आहे: तुमचा कोड आत्ता जगजाहीर केला, तर एकही गुपित फुटणार नाही ना?

कुबरनेटीजमध्ये यासाठी दोन कप्पे आहेत. साध्या सेटिंग्जसाठी कॉन्फिगमॅप, गुपितांसाठी सीक्रेट. दोन्हींची मर्यादा १ एमबीच्या आसपास, त्यामुळे मोठ्या फाइल तिथे कोंबू नका.

सीक्रेट या नावावर मात्र फार विसंबू नये. त्यातली माहिती बेस६४ मध्ये लिहिलेली असते. हे कुलूप नव्हे, फक्त वेगळी लिपी. कुणीही क्षणात उलटं वाचू शकतो. क्लस्टरच्या एटसीडी या साठ्यातही ती मुळात एन्क्रिप्ट न होता पडून राहते. ते एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं आणि सीक्रेट कोण वाचू शकेल याच्या परवानग्याही आवळाव्या लागतात. सीक्रेटची याम्ल फाइल गिटमध्ये टाकणं म्हणजे पासवर्ड नोटीस बोर्डावर लावणंच.

आता नवख्यांना हमखास चकवणारी गोष्ट. कॉन्फिगमॅप बदलला, पण ॲप जुन्यासारखंच वागतंय! कारण एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणून दिलेली किंमत कंटेनर सुरू होतानाच वाचली जाते. नंतर बदल केला तर पॉड नव्याने सुरू करावा लागतो. त्यासाठी 'कुबेक्टल रोलआउट रीस्टार्ट' आहे. तीच सेटिंग फाइल म्हणून माउंट केली असेल, तर थोड्या वेळाने ती आपोआप बदलते. पण 'सबपाथ' वापरून माउंट केली असेल तर तीही बदलत नाही. शिवाय फाइल बदलली तरी ॲपने ती पुन्हा वाचायला हवी. बरीच ॲप सुरुवातीला एकदाच वाचतात, त्यामुळे रीस्टार्ट काही चुकत नाही.