रोमिओ, ज्युलिएट आणि ‘नर/मादी’चा रकाना

अमेरिकेत बोस्टनच्या पब्लिक गार्डनमधल्या तळ्यात हंसांची एक जोडी होती. लोकांनी त्यांना नावं दिली रोमिओ आणि ज्युलिएट. घरटं झालं, अंडी झाली, पण पिल्लं काही निघेनात. ऑगस्ट २००५ मध्ये बातमी आली की तपासणीत दोघीही माद्या निघाल्या!

बातमी गंमत म्हणून जगभर फिरली. मला मात्र त्यात आपल्या कामाचा प्रश्न दिसतो: त्यातला एक ‘नर’ आहे, हे आधी ठरवलं कशावरून?

हे होते म्यूट स्वान. यांच्यात नर-मादी दोघंही पांढरे. नर सहसा मोठा, चोचीच्या मुळाशी असलेला काळा उंचवटाही त्याचा मोठा. पण ‘सहसा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. तळ्यात दोनच पक्षी असले की तुलना त्यांच्यातच होते, आणि जो मोठा तो आपोआप नर ठरतो. मग वागणूक बघायची. घरट्याचं सामान नर आणतो, मादी ते रचते आणि अंडी मुख्यतः तीच उबवते. इथेच गोची आहे. उबवते म्हणून मादी, आणि मादी आहे म्हणून उबवते! गृहीतक आणि पुरावा एकच झाले की चूक सापडणार कशी?

ऑस्ट्रेलियातल्या काळ्या हंसांत तर नरही अंडी उबवतो. तिथे हा नियम लावला तर फसलोच. एल. डब्ल्यू. ब्रेथवेट यांनी १९८१ मध्ये काळ्या हंसांतल्या नर-नर जोड्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्याआधी १९७७ मध्ये जॉर्ज आणि मॉली हंट यांनी कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बरा बेटावरच्या कुरव पक्ष्यांत (वेस्टर्न गल) मादी-मादी जोड्या दाखवल्या होत्या. तिथे घरट्यात नेहमीपेक्षा जास्त अंडी दिसणं हा महत्त्वाचा धागा ठरला.

वागणुकीवर न विसंबता लिंग ओळखायची सोय नव्हती असं नाही. बहुतेक पक्ष्यांत नराला शिश्न नसतं, पण बदक-हंसांच्या कुळात असतं. म्हणून क्लोएका तपासून लिंग ओळखता येतं. पाणपक्ष्यांसाठी ही पद्धत हॉकबॉम यांनी १९४२ मध्ये मांडली. मात्र त्यासाठी पक्षी पकडावा लागतो आणि हात सरावलेला लागतो.

१९९८ मध्ये ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी डीएनए चाचणी सोपी केली. पक्ष्यांत नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू. सीएचडी हा जनुक दोन्ही गुणसूत्रांवर असतो, पण त्यातल्या इंट्रॉनची लांबी वेगळी. पीसीआर केलं की जेलवर साधारणपणे नराचा एक पट्टा दिसतो, मादीचे दोन. शहामृगासारखे पक्षी सोडले तर बहुतेकांना चालतं. थोडं रक्त किंवा पीस पुरतं.

म्हणजे बोस्टनची बातमी आली तेव्हा ही चाचणी सात वर्षं जुनी होती. अडचण तंत्राची नव्हतीच. ‘हे तर उघडच आहे’ असं वाटलं की तपासायचं कुणाला सुचत नाही.

तुम्ही उद्या जुना डेटासेट हातात घ्याल. त्यात ‘नर/मादी’ असा नीटनेटका रकाना असेल. विश्लेषण सुरू करण्याआधी मेथड्स उघडा आणि शोधा: हे लिंग कसं ओळखलं? उत्तर ‘वागणुकीवरून’ असेल, तर त्याच वागणुकीबद्दल त्या डेटावरून निष्कर्ष काढू नका.