पुनर्जोडणी, बिनतारी उपकरणांची

एकदा पेअर केलेला बिनतारी कीबोर्ड, माऊस किंवा हेडफोन संगणक बंद होऊन सुरू झाल्यावर आपोआप जोडला जाणे. लॅपटॉपला अंगचा कीबोर्ड असतो, डेस्कटॉपला नसतो. तिथे ब्लूटूथ कीबोर्ड रुसला तर पासवर्ड टाकता येत नाही, आणि पासवर्डाशिवाय जोडणीची खिडकी उघडत नाही. म्हणून प्रश्न मुख्यतः डेस्कटॉपचा.

पार्श्वभूमी : ब्लूटूथचा मानक गट १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया व तोशिबा यांनी स्थापला. भारतात २.४ ते २.४८३५ गीगाहर्ट्‌झ हा पट्टा २००५ च्या नियमांनी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. कमी वीज खाणारे ‘लो एनर्जी’ ब्लूटूथ २०१० च्या ४.० आवृत्तीत आले.

कार्यतत्त्व : पेअरिंगच्या वेळी १२८ बिटांची सामाईक किल्ली तयार होते व ती दोन्हीकडे साठवली जाते. पुढच्या खेपेस या दोन प्रती जुळाव्या लागतात. पुढाकार सहसा उपकरणाचा असतो : झोपलेल्या कीबोर्डची कळ दाबली की तोच ओळखीच्या संगणकाला हाक मारतो, संगणकाने फक्त ऐकत राहायचे असते. कीबोर्ड झोपलेला असताना पडद्यावरचे ‘कनेक्ट’ कितीही वेळा दाबले तरी उपयोग होत नाही, तो यामुळे. एकाच यंत्रावर विंडोज व लिनक्स दोन्ही असतील तर दोघांचा ब्लूटूथ पत्ता एकच असतो. एकीकडे पेअर केले की कीबोर्डातली जुनी किल्ली पुसली जाते आणि दुसरीकडची निकामी ठरते. नवी किल्ली दुसऱ्या प्रणालीत उतरवून घेणे हा त्यावरचा उपाय.

लिनक्स : येथे ब्लूटूथचे काम ब्लूझेड ही प्रणाली पाहते. ब्लूटूथसीटीएल या आज्ञापटलावर पेअर, ट्रस्ट, कनेक्ट अशा तीन पायऱ्या आहेत. मधली पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. ट्रस्ट केलेले नसेल तर उपकरणाची हाक आल्यावर प्रणाली परवानगी विचारते. लॉगिनच्या पडद्यावर उत्तर द्यायला कोणी नसते, जोडणी नाकारली जाते. किल्ली व ट्रस्टची नोंद ॲडॉप्टरच्या पत्त्याच्या नावाने असलेल्या फोल्डरात राहते. ब्लूटूथ डोंगल बदलला की पत्ता बदलतो, आणि सगळी उपकरणे नव्याने पेअर करावी लागतात. संगणक सुरू होताच ॲडॉप्टर चालू करणारी ‘ऑटोएनेबल’ ही सोय ५.६५ आवृत्तीपासून मुळातच चालू असते. त्याआधीच्या आवृत्त्यांत ती हाताने चालू करावी लागे. डिस्क कुलूपबंद केली असेल तर तिचा पासवर्ड ब्लूटूथ सेवा उठण्याआधी मागितला जातो. तेथे तारेचाच कीबोर्ड लागतो.

विंडोज : ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ ही ॲडॉप्टरच्या गुणधर्मांतली खूण काढावी.

मॅक : सहसा अडचण येत नाही.

स्वतंत्र रिसीव्हर : काही कीबोर्ड-माऊससोबत येणारा छोटा यूएसबी रिसीव्हर ब्लूटूथचा नसतो. जोडणीची आठवण त्याच्याच पोटात असते आणि संगणकाला तो साधा यूएसबी कीबोर्ड दिसतो, त्यामुळे बायोसमध्येही चालतो. कॅबिनेटच्या मागे, यूएसबी ३.० च्या शेजारी तो खोचू नये : त्या जोडणीचा गोंगाट २.४ गीगाहर्ट्‌झवर पडतो, हे इंटेलने २०१२ मध्ये दाखवले. लहानशी एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर टेबलावर आणला की भागते.

कटंगी परिसर : बालाघाट जिल्ह्यातील कटंगी हे तिरोडी-तुमसरमार्गे भंडाऱ्याशी जोडलेले तहसिलीचे गाव. जिल्हा पूर्वी मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता. १९५६ नंतर मध्य प्रदेशात राहिला. हिंदी, पोवारी व मराठी अशा तिन्ही भाषा इथे कानावर येतात, आणि टंकलेखनाला देवनागरी मांडणी लागते. मध्य प्रदेशाच्या सीपीसीटी या संगणक-प्रावीण्य परीक्षेत हिंदीसाठी इनस्क्रिप्ट व रेमिंग्टन गेल या दोन्ही मांडण्या चालतात. येथे पुनर्जोडणीचा एक दुर्लक्षित पैलू पुढे येतो. लिनक्सच्या एक्स-११ पद्धतीत आज्ञेने तात्पुरती बसवलेली मांडणी त्या क्षणी जोडलेल्या कीबोर्डांपुरतीच असते. कीबोर्ड तुटून परत आला की तो नवा धरला जातो आणि मूळ इंग्रजी मांडणी घेऊन येतो. अर्ज भरता भरता ‘क’च्या जागी ‘के’ हे रोमन अक्षर उमटले तर दोष कीबोर्डचा नसून या सेटिंगचा असतो. मांडणी कायमच्या सेटिंगमध्ये नोंदवावी.

सुरक्षा : सुरक्षा-संशोधक मार्क न्यूलिन यांनी २०२३ मध्ये दाखवले की काही प्रणालींत परका कीबोर्ड वापरकर्त्याच्या संमतीविना जोडून कळा पाठवता येतात. त्यानंतर ब्लूझेडने किल्लीविना येणाऱ्या जुन्या पद्धतीच्या उपकरणांना मूळ सेटिंगमध्येच मज्जाव केला. काही जुने गेम-कंट्रोलर त्यामुळे आपोआप जोडले जाईनासे झाले. त्यांच्यासाठी ही अट शिथिल करता येते. ज्या संगणकावर लोकांचे अर्ज व कागदपत्रे हाताळली जातात तिथे ती शिथिल करू नये.